ओल्या लाकडाचं घर

जुन्या घरांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "पूर्वीचे लोक लाकूड दहा-दहा वर्षं मुरवायचे आणि मगच घराला लावायचे. म्हणून ती घरं टिकली." मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. मोठा अभ्यासक नव्हे, पण "पूर्वीचे लोक" हे शब्द कानावर आले की थोडं थांबायची सवय लागली आहे. कुठले पूर्वीचे लोक? पुण्यात चौसोपी वाडे बांधणारे, की कोकणात वर्षाचं भात जेमतेम पुरवणारे? वाडेवाल्यांकडे लाकूड ठेवायला जागा होती, पैसा होता आणि मुख्य म्हणजे वेळ होता. दुसऱ्यांना घर हवं असायचं ते पाऊस पडायच्या आत.

माझे आजोबा या दुसऱ्या वर्गातले. १९२८ साली शिमगा झाल्यावर त्यांच्या आणि थोरल्या भावाच्या वाटण्या झाल्या. जुनं घर थोरल्याकडे गेलं. आजोबांकडे आली भाताची खाचरं, वरकस जमिनीचा एक तुकडा, त्यावरची झाडं, दोन बैल आणि जुन्या गोठ्याची दोन दारं. बायको आणि दोन मुलं. हातात दिवस किती? शिमग्यापासून मृगापर्यंत फार तर तीन महिने. सात जूनच्या आत डोक्यावर छप्पर नाही झालं तर चार महिने कोणाच्या तरी पडवीत काढायचे, आणि नुकत्याच वाटण्या झालेल्या माणसाला भावाच्या पडवीत राहणं म्हणजे काय, ते सांगायला नको.

तर लाकूड उभं होतं ते आपल्याच जमिनीत, आणि हिरवंगार. ते तोडायचं आणि लगेच लावायचं. कोकणात अशी घरं शेकड्यांनी झाली असणार. त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नाही.

आता ओल्या लाकडात बिघडतं काय, ते थोडं सांगतो. ताज्या तोडलेल्या लाकडात पाणी किती असावं? कोरड्या लाकडाचं जे वजन, त्याच्या निम्म्याहून अधिक पाणी सहज असतं. हे पाणी दोन प्रकारचं. एक लाकडाच्या सूक्ष्म नळ्यांच्या पोकळीत मोकळं साठलेलं, दुसरं त्या नळ्यांच्या भिंतींत जिरलेलं. आधी मोकळं पाणी उडून जातं. तोवर लाकूड हलकं होतं पण आकाराने बदलत नाही. पाण्याचं प्रमाण तीस टक्क्यांच्या खाली यायला लागलं की भिंतींतलं पाणी जाऊ लागतं आणि मग लाकूड आक्रसतं. गंमत अशी की ते सगळीकडून सारखं आक्रसत नाही. वर्षावलयांच्या कडेकडेने जितकं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आक्रसतं, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून ओंडक्याला तडा जातो तो सालीकडून गाभ्याकडे, चाकाच्या आऱ्यासारखा. म्हणून फळी पन्हाळीसारखी वळते. आणि म्हणूनच आठ हातांचा खांब वाळल्यावरही आठ हातच राहतो.

या शेवटच्या वाक्यात ओल्या लाकडाच्या घराचं सगळं मर्म आहे. लांबीत आक्रसत नाही, तर लांबीचं काम त्याला द्यायचं. खांब, तुळई, आढं, वासे ओल्याचे करायचे. दार, खिडकी, फळी, कपाट यांना ओलं लाकूड लावायचं नाही, कारण तिथे रुंदीचा हिशेब असतो. आजोबांच्या वाटणीत गोठ्याची दारं का आली, हे मला लहानपणी कधी कळलं नव्हतं. भावाभावांत दारांवरून कशाला घासाघीस करायची? पण त्या वर्षी त्या माणसाकडे कोरडं लाकूड म्हणून तेवढंच होतं.

सुतार गावातलाच होता. मी त्याला पाहिला तो अगदी म्हातारा झाल्यावर, डोळे गेलेले, पण लाकूड हाताने चाचपून ऐन की किंजळ ते सांगायचा. आजी सांगायची, झाडं निवडायला तो दोन दिवस आजोबांबरोबर जमिनीत हिंडला. "भाऊ, हे नको, याला पीळ आहे," असं म्हणून एक चांगला सरळ दिसणारा ऐन त्याने सोडून दिला. सालीवरच्या रेषा खोडाभोवती वळत गेल्या असतील तर आतल्या धाग्यालाही पीळ असतो. ते झाड ओलं असताना कितीही सरळ तासा, वाळताना स्क्रूसारखं फिरतं आणि सांधा उखडतं. मुरवलेलं लाकूड घेणाऱ्याला हे सगळं आधीच दिसलेलं असतं. वाकडं झालेलं तो बाजूला टाकतो. ओलं लावणाऱ्याला मात्र झाड उभं असतानाच भविष्य वाचावं लागतं.

वासे ऐनाचे आणि किंजळीचे झाले. खांब आणि तुळया कशाच्या? इथे खरा प्रश्न होता.

बांधावर दोन साग उभे होते. चांगले जून, दोघांच्या कवेत न मावणारे. सागासारखं लाकूड नाही. त्यात नैसर्गिक तेल असतं, वाळवी सहसा लागत नाही, आणि इतर झाडांच्या मानाने तो आक्रसतोही कमी. ओला लावायचाच तर सागाइतकं सोयीचं दुसरं काही नव्हतं. पण त्या सागांना आजोबांनी हात लावला नाही. आजी शेवटपर्यंत त्यांना "सरकारचे साग" म्हणायची. जमीन आपली, बांध आपला, सारा आपण भरायचा आणि त्यावरचं झाड सरकारचं! मला वाटायचं ही म्हातारीची समजूत असेल. पुढे १८७९ चा मुंबई जमीन महसूल कायदा वाचनात आला. त्याच्या ४० व्या कलमात स्पष्ट आहे की खातेदाराच्या जमिनीतल्या झाडांवरचा हक्क सरकारने त्याला दिला असं समजावं. परंतु जिथली मोजणी १८६५ च्या कायद्याच्या आधी पुरी झाली, तिथे साग, शिसव आणि चंदन यांना हे लागू नाही. आमच्याकडची मोजणी त्या आधीचीच. म्हातारीची समजूत कलमासकट बरोबर होती.

हा सागाचा हट्ट सरकारला कुठून आला? याचं उत्तर शोधत गेलं तर आपण थेट इंग्लंडच्या गोदीत जाऊन पोचतो, आणि तिथेही पुन्हा ओलं लाकूडच भेटतं. नेपोलियनशी लढाया चालू होत्या. इंग्रजांना लढाऊ जहाजं हवी होती, घाईने हवी होती आणि त्यांचा ओक संपत आला होता. तसं पाहिलं तर ओक ओला वापरणं ही त्यांच्याकडची जुनीच रीत. तिथली मध्ययुगातली लाकडी चौकटींची घरं आणि धान्याची कोठारं ताज्या तोडलेल्या ओकची आहेत, कारण ओक वाळला की छिन्नीला दाद देत नाही. त्यांतली कित्येक आजही उभी आहेत. पण घराच्या चौकटीला वारा लागतो, ती उभ्या उभ्या वाळते. जहाजाच्या पोटात वारा कुठला? ओलं लाकूड, कोंदट अंधार आणि वरून फळ्यांची दाट शिवण. १८१० साली 'क्वीन शार्लट' नावाची शंभर तोफांची युद्धनौका त्यांनी पाण्यात उतरवली. ती लढाईवर जायच्या आधीच आतून कुजायला लागली. तिच्यात उगवलेल्या बुरशा ओळखायला जेम्स सॉवर्बी या निसर्गअभ्यासकाला बोलवावं लागलं. शत्रूचा एक गोळाही न लागता जहाज दुरुस्तीला!

अशा वेळी मलबारचा साग त्यांच्या डोळ्यांत भरला नसता तरच नवल. १८०६ मध्ये कंपनीने कॅप्टन वॉटसन नावाच्या अधिकाऱ्याला मलबार-त्रावणकोरच्या जंगलांवर नेमलं आणि १८०७ मध्ये सागावर कंपनीची मालकी जाहीर केली. खाजगी जमिनीतलाही साग त्यातून सुटला नाही. लोक इतके वैतागले की १८२३ मध्ये मद्रासचा गव्हर्नर थॉमस मन्रो याने ती सगळी व्यवस्थाच मोडीत काढली. पण मधल्या काळात मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबातल्या कारागिरांनी सागाची एकाहून एक जहाजं बांधली. १८१७ चं 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगतं आहे, दोनशे वर्षं उलटून गेली तरी.

मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये डॉक्टर गिब्सन वनसंरक्षक झाले, मग १८६५ आणि १८७८ चे वनकायदे आले, त्यातच रेल्वेचे रूळ टाकायलाही लाकूड हवं होतं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत लोकांची इतकी ओरड झाली की १८८५ मध्ये सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. ज्योतिरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तोही याच सुमारास, आणि त्यात जंगलखात्यावरचे फटकारे आहेतच. एवढ्या सगळ्या ओरडीनंतरही आमच्या बांधावरचे दोन साग सरकारचेच राहिले. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने जमिनीतली झाडं खातेदाराची केली, तेव्हा आजोबा जाऊन सहा वर्षं झाली होती. अर्थात, १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहेच. साग, आंबा, फणस, हिरडा, चिंच असली झाडं आपल्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. हा कायदा मला पटतो. तोडायला परवानगी लागणं वेगळं आणि झाड दुसऱ्याचं असणं वेगळं.

असो. साग नाही, तर उरला फणस.

गोठ्यामागे एक मोठा फणस होता. आजोबांच्या आईने, म्हणजे माझ्या पणजीने, लग्न होऊन आली त्या पहिल्या पावसाळ्यात लावलेला. झाड वाटणीत आजोबांकडे आलं, आणि पणजी राहायची थोरल्या मुलाकडे. कागदोपत्री तिला विचारायचं काही कारण नव्हतं. तिच्या नावावर ना जमीन ना झाड.

शिवकालीन व्यवस्थेबद्दल शिकवताना आम्ही रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचा हवाला देत असू. ते लिहिलं गेलं साधारण १७१५ साली. त्यात आरमाराच्या लाकडाबद्दल जे सांगितलं आहे ते मुलांना मी नेहमी सावकाश समजावून सांगायचो. सागासारखी झाडं आपल्या राज्यातल्या जंगलातली परवानगीने तोडावीत, कमी पडलं तर बाहेरून विकत आणावं. आंबा-फणसाचंही लाकूड उपयोगी, पण त्यांना हात लावू नये. ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं अगदी जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने तोडावं. जोर करू नये. राज्य चालवणाऱ्याने हे लिहून ठेवावं याचं मला आजही अप्रूप वाटतं. मात्र शिकवताना एक प्रश्न मनात यायचा, तो मुलांपुढे कधी काढला नाही: धनीच तोडायला निघाला तर? आणि झाड ज्याच्या नावावर तोच धनी, की ज्या बाईने उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणून घातलं ती?

आजोबा आईला विचारायला गेले. आजी सांगायची, म्हातारी दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला, "आधी फळं उतरवून घ्या, मग तोडा." चैत्र होता. झाडाला कुयऱ्या लगडलेल्या. त्या उतरवल्या, वाडीत घरोघर वाटल्या. थोरल्याच्या घरीही पाठवल्या. वाटण्यांनंतर दोन घरांत झालेली ती पहिली देवघेव. मग झाड पडलं. ओल्या फणसाचा चीक असा की करवत जागच्या जागी धरून ठेवतो. करवतकऱ्यांनी पात्याला तेल चोपडत, थांबत थांबत ते खोड कापलं.

खांब उभे राहिले तेव्हा त्यांतून पाणी पाझरत होतं म्हणतात. सुताराने दोन गोष्टी केल्या. तुळईला जो नैसर्गिक बाक होता, त्याची पाठ वर ठेवली. ओली तुळई भाराखाली हळूहळू वाकते आणि वाळली की त्याच आकारात कायमची घट्ट होते; म्हणून आधीच उलटी कमान द्यायची. दुसरं म्हणजे, सांध्यांतल्या मेखा त्याने ओल्या लाकडाच्या केल्या नाहीत. जुन्या घरातला वाळून खडखडीत झालेला खैर मागून आणला आणि त्याच्या मेखा तासल्या. ओलं लाकूड कोरड्या मेखेभोवती आक्रसत गेलं की सांधा दर वर्षी आणखी आवळतो. उलट केलं तर मेख बारीक होऊन गळून पडते.

माळ्याच्या फळ्यांना दोन वर्षं खिळा मारला नाही. नुसत्या मांडून ठेवल्या. वाळून फटी पडल्या, त्यांतून खालच्या माजघरात धान्याचा भुसा पडायचा. दोन वर्षांनी सगळ्या एका बाजूला सरकवल्या, उरलेल्या जागेत आणखी एक फळी बसली, आणि मग ठोकल्या. ती शेवटची फळी आंब्याची, वेगळ्या रंगाची. माझ्या लहानपणी आम्ही मुलं तिला 'पाहुणी' म्हणत असू.

घर काही निर्दोष नव्हतं. आढं मधोमध बसलं होतं, लांबून पाहिलं तर म्हशीच्या पाठीसारखं दिसायचं. पुढच्या एका खांबाला वरपासून खालपर्यंत तडा, त्यात आजी कात्री आणि पत्रं खोचून ठेवायची. ओटीवरच्या खांबांच्या बाहेरच्या पांढुरक्या भागाला भुंगा लागला आणि खाली पिवळं पीठ पडायचं. आतला गाभा मात्र त्याला कधी पेलला नाही. ओंडके तीन-चार महिने वहाळात बुडवून ठेवले असते तर लाकडातलं सत्त्व पाण्यात उतरून किडीला खायला कमी राहिलं असतं. कोकणात बांबूला आणि लाकडाला ही रीत होतीच, पण त्यालाही वेळ लागतो. बाकी अमावास्येला तोडलेल्या लाकडाला कीड लागत नाही वगैरे जे म्हणतात, त्यावर माझा विश्वास नाही. घराला खरं राखलं ते चुलीच्या धुराने. वासे काळे कुळकुळीत झाले होते आणि त्यांना कधी काही लागलं नाही. घरात गॅस आल्यावर दहा वर्षांत वाशांतून पीठ पडायला लागलं.

३ जून २०२०. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने रायगड जिल्ह्यात शिरलं. आमच्या घराची कौलं आणि निम्मे वासे गेले, मागची भिंत बसली. अंगणातला आंबा आणि विहिरीजवळचा तरुण फणस मुळासकट आडवे. मृगाला चार दिवस. टाळेबंदीमुळे पत्रा मिळेना, मिळाला तर दुप्पट भावाने, आणि सगळ्या गावाच्या अंगणांत ओल्या लाकडाचे ढीग पडलेले. पुतण्याचा फोन आला, "काका, आजोबांनी केलं तसं करू का?" मी म्हटलं, सुतार आहे का तसा? तो काही बोलला नाही. ताडपत्री घालून त्यांनी तो पावसाळा काढला.

दिवाळीनंतर घर उतरवलं तेव्हा मी तिथे होतो. फणसाचे खांब ब्याण्णव वर्षांचे. सांधे सोडवायला दोन तरुण गडी घण घेऊन दिवसभर झटले. खैराच्या मेखा बाहेर निघेनात. शेवटी ड्रिलने पोखरून काढाव्या लागल्या. एक मेख मी मागून घेतली. टोकाशी अजून वाकसाचे घाव दिसतात. तुळयांपैकी एक इतकी सरळ होती की दोरी धरून पाहिली. पाठीचा बाक कुठे गेला कळत नव्हतं.

नवं घर सिमेंटचं झालं, वर लोखंडी पाइप आणि पत्रा. मी काही बोललो नाही. राहायचं त्यांना आहे, आणि पुढचं वादळ त्यांनाच सोसायचं आहे. वादळात पडलेला विहिरीजवळचा फणस मात्र पुतण्याने विकला नाही. दोन इंची फळ्या पाडून, मध्ये चपट्या देऊन पडवीत रचून ठेवल्या. इंचाला एक वर्ष या हिशेबाने २०२३ च्या उन्हाळ्यात त्यांची दोन दारं केली. सूनबाई सांगते, श्रावणात अजून थोडी अडतात.